दीड बोट कमी

निवडणूक लागली की साकोलीच्या ठाण्यात
बंदुका जमा करायच्या असतात. त्याआधी
कुणी ना कुणी माझ्या दुकानी येतंच:
मास्तर, हिचं साल सांगा, फॉर्मात रकाना आहे.

यंदा कुंदाबाई गहाणे आल्या, ट्रॅक्टरवरून,
सतरंजीत गुंडाळलेली दुनळी मांडीवर घेऊन.
ट्रॅक्टर चालवणारा मडावीचा पोरगा दारातच थांबला.

"आमच्या आजेसासऱ्याची. सत्तावन सालची हाय जी,
अठराशे सत्तावन. गोऱ्या सायबानं बक्षीस देल्ली.
नवेगावचा वाघ त्याहीनं हिनंच पाडला."

सगळ्याच सत्तावनच्या असतात.
मी बोलत नाही. नळ्या उजेडाकडे धरतो: रिकाम्या.
पुढची लाकडी पकड काढतो, नळ्या उतरवतो,
पालथ्या घालतो, रॉकेलचा बोळा फिरवतो.
वरच्या पट्टीवर दुकानदाराचं नाव असतं, वेलबुट्टी असते,
कुत्रा असतो, उडणारी बदकं असतात.
साल असतं पोटाला,
जिथं धन्याचा हात कधी जात नाही.

मुकुट. खाली एकमेकांवर तिरपे दोन राजदंड.
म्हणजे बर्मिंगहॅम; बेल्जियमचा ठसा अंड्यासारखा असतो.
बाजूला बारीक अक्षरात 'चोक':
म्हणजे सत्याऐंशीच्या अलीकडची.
राजदंडाचा हा ठसा एकोणीसशे चारला बंद झाला,
म्हणजे त्याच्या पलीकडची.
सतरा वर्षांची फट. तिच्यात कुठंतरी ही जन्मली.
आणि नळीवर अंबाडीच्या दोरासारखा पीळ,
लोखंड-पोलाद एकत्र वळलेलं.
"आजचं काडतूस घालू नका, बाई. पीळ उकलेल,
बोटं जातील."

सत्तावनचा गोरा साहेब असा एका ठशात वारला.
कुंदाबाईंनी पदर सारखा केला, आणि मोबाइलवर
फोटो दाखवला: सहा फुटांचे गहाणे मालगुजार,
पाय वाघावर, बंदूक उजव्या खांद्याला.

मग मी दस्ता हातात घेतला.
दस्त्याला विलायती ठसा नसतो.
टेप लावला: तेरा इंच. सहा फुटी माणसाला
यानं अंगठ्याचा ठोसा नाकावर बसेल.
लाकूड किंचित डावीकडे वाकवलेलं,
पॉलिश उजव्या अंगाला झिजलेलं,
जिथं डावखुऱ्याचा गाल टेकतो,
वर्षानुवर्षं, दवात, धानाच्या बांधीवर.
बुडाशी पितळेची पट्टी.
पट्टीवर टोचणीचे तीन ठिपके.
हे ठिपके मला पुस्तकात बघावे लागत नाहीत.

बाबांची वही काढली. वाळवीनं कोपरा खाल्लेला.
'सन एकूणपन्नास, पोळ्याच्या आधी.
गहाणे यांची दुनळी. दस्ता दीड बोट कमी.
माप द्यायला आला: बुधा. डावखोरा.
मजुरी पावणेदोन रुपये. बाकी.'

"तुझ्या पणज्याचं नाव काय रे?"
"बुधा. काऊन जी?"

बंदूक त्याच्या हाती दिली. लाव खांद्याला.
त्यानं उजव्या खांद्याला लावली.
गाल लाकूड शोधत राहिला, सापडलं नाही.
हसला. "बसत नाही जी मले.
आमच्यात कोनी डावखोरं नाही आता."

कुंदाबाई बराच वेळ
पितळेच्या पट्टीवर अंगठा फिरवत होत्या.
"मंग वाघ कोनं मारला, मास्तर?"
शिक्का बंदुकीवर असतो, बाई. वाघावर नसतो.

फॉर्मात मी लिहिलं: अंदाजे अठराशे पंच्याण्णव.
"अंदाजे चालते का ठाण्यात?"
चालतं.

सतरंजीची गाठ मारली. पायरी उतरल्या,
पुन्हा वर आल्या. कमरेच्या पिशवीतून
दहाची नोट काढून वहीवर ठेवली.
"ते बाकी लिवलं हाय ना, तिथं लिवा:
पावले. गहाण्याकडून."
आणि सुटे घ्यायला थांबल्या नाहीत.